संकटकाळातील स्तनपान आणि चारचौघांतला संकोच

भूकंप, पूर, युद्ध किंवा दुष्काळ आला की सर्वाधिक धोका असतो तो वर्षाच्या आतल्या मुलांना, आणि त्यांतही वरच्या दुधावर असलेल्यांना. डब्यातल्या पावडरीचे दूध करायला स्वच्छ पाणी लागते, ते उकळायला इंधन लागते, वाटी-चमचा धुवायला पुन्हा पाणी लागते, आणि डबा संपल्यावर दुसरा मिळेल याची खात्री लागते. आपत्तीत नेमके हेच नाहीसे होते. अंगावरच्या दुधाचे तसे नाही. त्यासाठी आई जवळ असावी लागते, आणि तिला थोडे अन्न, पाणी, झोप व बाळाला छातीशी धरून निवांत बसता येईल अशी जागा मिळावी लागते. अन्नपाण्याचा विचार मदतकार्यात पहिल्यापासून होता. जागेचा फार उशिरा झाला.

सार्वजनिक ठिकाणी अंगावर पाजावे की नाही, हा वाद मॉल, विमानतळ आणि बसस्थानकांच्या संदर्भात होतो आणि सहसा शिष्टाचाराचा म्हणून होतो. आपत्तीतील बालपोषण हा आरोग्य आणि मदतकार्याचा विषय समजला जातो. या दोन चर्चा क्वचितच एकत्र येतात. पण शाळेच्या एका वर्गात शंभर अनोळखी माणसांसोबत राहणाऱ्या बाईपुढे हे दोन प्रश्न वेगळे नसतात. ज्या समाजात बाईला चारचौघांत पाजण्याची लाज वाटते, तिथे घराच्या भिंती पडल्या की बाळाचे दूधही धोक्यात येते. सार्वजनिक स्तनपानाला असलेली समाजाची मान्यता म्हणूनच आपत्तीच्या पूर्वतयारीचा भाग ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस सर्वपरिचित आहे: जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर घेणे, सहा महिने फक्त आईचे दूध, नंतर पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ स्तनपान. ‘लॅन्सेट’ने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार ही पद्धत सर्वत्र पाळली गेली तर दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू टळू शकतात. हा हिशेब एकंदर जगाचा आहे. संकटात स्तनपानाने काय फरक पडतो हे दाखवणारी उदाहरणे मात्र वेगळी पाहावी लागतात.

पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ या छोट्या देशात जून १९९८ मध्ये यादवी पेटली आणि राजधानीतले बहुसंख्य लोक घरे सोडून पळाले. तिथे बालआरोग्याची नोंद ठेवणारा प्रकल्प आधीपासून चालू असल्याने संशोधकांना तुलना करता आली. युद्धाच्या पहिल्या तीन महिन्यांत, ९ ते २० महिने वयाच्या मुलांपैकी ज्यांचे अंगावरचे दूध तोडलेले होते त्यांचा मृत्युदर, अजून पीत असलेल्या मुलांच्या जवळजवळ सहापट निघाला. म्हणजे ही बाब फक्त तान्ह्या बाळांची नाही. दीड वर्षाच्या, चालत्या-बोलत्या मुलालाही आईचे दूध तारून नेते.

बोट्स्वानातली घटना अधिक गुंतागुंतीची आहे. तिथे युद्ध नव्हते, सरकार कार्यक्षम होते, नळाचे पाणी बहुतेकांना मिळत होते. गर्भवतींपैकी साधारण एक तृतीयांश एचआयव्हीबाधित असल्याने, दुधावाटे बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून सरकार अशा मातांना पावडरीचे दूध मोफत देत असे. हेतू निर्मळ होता आणि त्या वेळच्या ज्ञानाशी सुसंगतही होता. २००५ च्या अखेरीस अतिवृष्टी झाली, पाण्याचे स्रोत दूषित झाले आणि २००६ च्या सुरुवातीच्या महिन्यांत अतिसाराच्या साथीत शेकडो मुले दगावली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या तपासणीत आढळले, की अंगावर न पिणाऱ्या मुलांना अतिसारामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याची शक्यता पिणाऱ्यांच्या सुमारे पन्नासपट होती. शौचालय, पाणीसाठा यांसारख्या कुठल्याही इतर कारणापेक्षा हा घटक मोठा ठरला. पुढे २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाधित मातांनाही औषधोपचाराच्या संरक्षणात स्तनपानाचा मार्ग खुला केला. एका धोक्यापासून वाचवताना दुसरा किती मोठा असू शकतो, याची बोट्स्वानाने मोजलेली किंमत फार कमी ठिकाणी सांगितली जाते.

इंडोनेशियातील योग्यकर्ता परिसरात २७ मे २००६ रोजी भूकंप झाला. साडेपाच हजारांहून अधिक माणसे गेली. मदतीच्या ओघात पावडरीचे डबेही आले आणि ते सरसकट वाटले गेले, अंगावर पाजणाऱ्या आयांनाही. नंतरच्या पाहणीत दिसले, की दानाची पावडर मिळालेल्या दोन वर्षांखालील मुलांत अतिसाराचे प्रमाण सुमारे २५ टक्के होते, न मिळालेल्यांत साडेअकराच्या आसपास. देणाऱ्यांचा हेतू दयेचाच होता.

डबे इतक्या सहज का स्वीकारले जातात, हे समजायला आयांची धारणा पाहावी लागते. ‘धसक्याने पान्हा आटला’ हे वाक्य महाराष्ट्रात जसे ऐकू येते तसे ते वेगवेगळ्या भाषांत सीरियन, हैतियन, रोहिंग्या स्त्रियाही सांगतात. त्यात अर्धे तथ्य आहे. दूध तयार होणे प्रोलॅक्टिन या संप्रेरकावर अवलंबून असते आणि बाळ जितके ओढेल तितके ते वाढते. तयार दूध बाहेर येणे, म्हणजे पान्हा फुटणे, हे ऑक्सिटोसिनचे काम. भीती, वेदना, लाज यांनी ऑक्सिटोसिन काही काळ अडते. दूध असते, पण उतरत नाही. बाळ रडते, आई घाबरते, पान्हा आणखी अडतो. या क्षणी कोणी डबा हातात दिला की बाळ ओढणे कमी करते आणि काही दिवसांत दूध खरोखरच कमी होते. भीतीने जे तात्पुरते झाले होते ते डब्याने कायमचे होते. उलट, आईला शांत जागी बसवून बाळ वारंवार छातीला लावले तर दूध पूर्ववत होते. तोडलेले दूध पुन्हा सुरू करणेही बऱ्याचदा शक्य असते.

दुसरी धारणा अशी की उपाशी बाईला दूध येत नाही. मध्यम कुपोषण असलेल्या स्त्रियांनाही पुरेसे दूध येते. ते फार तीव्र उपासमारीत घटते. मात्र त्याची किंमत आईचे शरीर मोजते. पाजणाऱ्या बाईला रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त लागतात. म्हणून या क्षेत्रात काम करणाऱ्यांचा आग्रह असतो तो आईला खाऊ घालण्याचा. मदतीच्या वाटपात मात्र कुटुंबामागे एक पाकीट मिळते आणि घरातल्या वाटणीत बाळंतिणीचा नंबर शेवटी लागतो. चीक पिळून टाकण्याची, उन्हाळ्यात बाळाला वरून पाणी देण्याची रूढी संकटात अधिकच घातक ठरते. सहा महिन्यांपर्यंत कडक उन्हाळ्यातही बाळाला वेगळ्या पाण्याची गरज नसते.

विस्थापनात आणखी एक गोष्ट हरवते आणि ती कुठल्याही यादीत नसते. पहिलटकरणीला बाळ कसे धरावे, कोणत्या कुशीवर पाजावे, गाठ आली तर काय करावे हे आई, आजी, मावशी शिकवतात. मराठी घरांत बाळंतपण माहेरी करण्यामागे, सव्वा महिन्याच्या विश्रांतीमागे, अळिवाच्या खिरीमागे आणि डिंकाच्या लाडवांमागे हीच व्यवस्था आहे. तिच्यात अंधश्रद्धा मिसळलेल्या असल्या तरी बाळंतिणीला आडोसा आणि अनुभवी सोबत मिळते. छावणीत माहेर नसते. तिथे प्रशिक्षित समुपदेशक किंवा आपल्याकडची आशा किंवा अंगणवाडी सेविका त्या जागी येते.

पावडरीच्या दानाला आळा घालण्याचा प्रयत्न जुना आहे. गरीब देशांत पावडरीच्या आक्रमक विक्रीविरुद्ध १९७० च्या दशकात मोहीम उभी राहिली आणि मे १९८१ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने आईच्या दुधाच्या पर्यायांच्या विपणनाची आंतरराष्ट्रीय संहिता मंजूर केली. ११८ देश बाजूने होते, विरोधात एकटी अमेरिका. आपत्तींसाठी स्वतंत्र कार्यमार्गदर्शिका २००१ मध्ये आली. तिची सुधारित आवृत्ती २०१७ ची आहे. तिचा गाभा असा: पावडर, बाटल्या, चोखण्या यांचे दान मागू नये आणि स्वीकारू नये, ज्या बाळाला खरोखर गरज आहे त्याची तपासणी करून, त्याच्यापुरते दूध खरेदी करून, पाणी, इंधन आणि देखरेखीसह द्यावे, बाटलीऐवजी वाटी वापरावी, कारण ती धुणे सोपे. फिलिपिन्सने संहितेचा कायदा १९८६ मध्येच केला होता, त्यामुळे २०१३ च्या हैयान वादळानंतर तिथे दानाचे डबे नाकारायला कायदेशीर आधार होता. युरोपात मात्र २०१५ पासून सीरियन निर्वासितांच्या वाटेवर आणि २०२२ मध्ये युक्रेनच्या सीमेवर स्वयंसेवकांनी डब्यांचे ढीग पुन्हा उभे केले. नियम असूनही दान थांबत नाही, याचे कारण भाबडे आहे: रडणारे बाळ पाहिले की लोकांना दुधाचा डबा आठवतो, बाळाची आई भुकेली असेल हे आठवत नाही.

यानंतर प्रश्न येतो जागेचा. २०१० च्या हैती भूकंपानंतर पोर्त-ओ-प्रिन्स आणि आसपास बाळांसाठी खास तंबू उभारले गेले. तिथे आया बसून पाजत, एकमेकींशी बोलत, सल्ला घेत; ज्यांना अंगावर पाजणे शक्य नव्हते त्यांच्या बाळांना तयार द्रवरूप दूध मिळे. जॉर्डनमधील झातारी छावणी जुलै २०१२ मध्ये उघडली. तिथल्या सीरियन स्त्रियांपैकी अनेकींना युद्धाआधीपासूनच पावडरीची सवय होती. त्यात एका तंबूत अनेक नातेवाईक पुरुष आणि बाहेर अनोळखी गर्दी. तिथेही मातांसाठी वेगळे कॅराव्हॅन ठेवावे लागले. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बझारला आले, तेव्हा बांबू आणि ताडपत्रीच्या दाट वस्तीत स्त्रियांसाठीच्या सुरक्षित जागा हा पोषणकार्याचाच भाग झाला. पडदा पाळणाऱ्या समाजात आडोसा नसेल तर आई तासन्‌तास बाळाला घेत नाही आणि शेवटी बाटली धरते. इथे ताडपत्रीचा एक पडदा औषधाइतका उपयोगी पडतो.

महाराष्ट्रात किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये आणि सांगली-कोल्हापूरच्या २०१९ च्या पुरात शाळा-मंगल कार्यालयांत लोक राहिले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या किमान मदतीच्या निकषांत निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, प्रौढांना रोज २,४०० कॅलरी आणि मुले व स्तनदा मातांसाठी दुधाची तरतूद आहे. साडेतीन चौरस मीटर म्हणजे एक सतरंजी आणि तिच्या कडेला गाठोडे. तेवढ्या जागेत शेजारच्या कुटुंबाकडे पाठ करून पाजणारी बाई हे आपल्याकडच्या प्रत्येक पुराचे दृश्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत तर छप्परही नव्हते. नाशिकहून मध्य प्रदेशातील सतन्याकडे पायी निघालेली एक मजूर बाई रस्त्याच्या कडेला बाळंत झाली आणि थोड्या विश्रांतीनंतर बाळाला घेऊन दीडशे किलोमीटर चालल्याच्या बातम्या तेव्हा आल्या.

ग्रामीण भारतात पाजण्याबद्दल एवढा संकोच मुळात नव्हता. शेताच्या बांधावर, आठवडी बाजारात, यष्टीत, रेल्वेच्या जनरल डब्यात पदराआड बाळ घेणे हा रोजचा व्यवहार आहे आणि त्याकडे कोणी वळून पाहत नाही. संकोच वाढला तो शहरी मध्यमवर्गात. पदर गेला, कपडे बदलले, नजराही बदलल्या. २०१८ मध्ये कोलकात्यातील एका मॉलमध्ये पाजायला जागा विचारणाऱ्या आईला स्वच्छतागृहाकडे बोट दाखवले गेल्यावर गदारोळ झाला. त्याच वर्षी मार्चमध्ये केरळच्या ‘गृहलक्ष्मी’ या मल्याळम मासिकाने मुखपृष्ठावर बाळाला छातीशी धरलेल्या मॉडेलचे छायाचित्र छापले. न्यायालयात तक्रार गेली; केरळ उच्च न्यायालयाला त्यात अश्लील काही दिसले नाही. टीका दुसऱ्या बाजूनेही झाली: चित्रातली बाई खरी आई नाही, मग हा आग्रह आयांसाठी की खपासाठी? ती टीका अगदीच गैरलागू नव्हती.

छायाचित्रांचा दुटप्पीपणा जुना आहे. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातील निपोमो इथे विस्थापित शेतमजूर आईची जी छायाचित्रे काढली, त्यांपैकी एकात ती बाळाला पाजताना दिसते. त्याच मालिकेतले एक छायाचित्र जगप्रसिद्ध झाले. चित्रातल्या बाईने पुढे अनेक वर्षांनी आपल्याला त्यातून काही मिळाले नाही अशी खंत व्यक्त केली. दुष्काळातल्या किंवा छावणीतल्या आईची उघडी छाती वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर चालते, तिथे तिची परवानगी विचारली जात नाही. सुखवस्तू आई हॉटेलात बाळाला घेते तेव्हा मात्र शेजारच्या टेबलाला अवघडल्यासारखे होते. दोन्ही ठिकाणी बाईच्या इच्छेला किंमत नसते.

भूक आणि चारचौघांतला संकोच हे दोन्ही धागे एकत्र आणणारे एक उदाहरण अनपेक्षित ठिकाणचे आहे. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०१३ मध्ये ‘ला स्ताम्पा’ या इटालियन दैनिकाला दिलेल्या मुलाखतीत जगातील भुकेबद्दल बोलताना एक प्रसंग सांगितला: सभेत एका आईचे बाळ भुकेने रडत होते, पण पोपसमोर पाजायला ती लाजत होती, त्यांनी तिला बाळाला पाजायला सांगितले, आणि हेच आपण सगळ्या मानवजातीला सांगू इच्छितो असे ते म्हणाले. पुढच्या महिन्यात सिस्टीन चॅपेलमधील बाप्तिस्म्याच्या वेळीही त्यांनी आयांना तसेच सांगितले.

कायद्याने अनेक देशांत वाट मोकळी केली आहे. स्कॉटलंडमध्ये २००५ पासून दोन वर्षांखालील बाळाला सार्वजनिक ठिकाणी पाजण्यास अडवणे हा गुन्हा आहे. अमेरिकेतील सर्व पन्नास राज्यांत २०१८ पासून हा हक्क मान्य आहे. भारतात कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये स्तनपानाला राज्यघटनेच्या कलम २१ चे संरक्षण असल्याचे म्हटले. सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. प्रसन्न वराळे यांच्या खंडपीठाने १९ फेब्रुवारी २०२५ रोजी सार्वजनिक इमारतींत स्तनपान कक्ष आणि पाळणाघरांबाबत केंद्राच्या सूचनांची अंमलबजावणी करण्याचे निर्देश राज्यांना दिले. सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक मानू नये, याचीही आठवण करून दिली.

कक्ष हवेत की मोकळीक, यावर आयांमध्येही एकमत नाही. एका बाजूचे म्हणणे असे की बंद खोलीमुळे पाजणे ही लपवण्याची गोष्ट ठरते. दुसऱ्या बाजूला, पुरुषांच्या नजरा झेलण्याची ताकद प्रत्येकीकडे असावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, असे सांगणाऱ्या बायका कमी नाहीत. दोन्ही बरोबर आहेत. कक्ष हा हक्क असावा, सक्ती नसावी. महाराष्ट्रातील एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत ‘हिरकणी कक्ष’ आहेत, पण दार लावता येईल, पंखा चालेल आणि आत अडगळ नसेल असे किती, हा प्रवासी बायकांचा नेहमीचा प्रश्न. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर २०२२ मध्ये तान्ह्या बाळासह नागपूरच्या अधिवेशनाला आल्या. पुढच्या अधिवेशनात मुंबईत, विधान भवनातल्या हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना जाहीर तक्रार करावी लागली. आमदाराची ही गत, तर पूरग्रस्त बाईचे कोण ऐकणार?

स्तनपानाच्या पुरस्कारात ज्यांना ते शक्य नाही त्या आया विसरल्या जातात. काही बाळांची आई मरण पावलेली असते, काहींची जखमी किंवा गंभीर आजारी. अत्याचारातून बचावलेल्या काहींना स्पर्शच सोसत नाही. गाझात ऑगस्ट २०२५ मध्ये दुष्काळ अधिकृतपणे जाहीर झाला, तेव्हा आयाच इतक्या खंगल्या होत्या की पावडर ही तिथे जीवनावश्यक गरज होती आणि तिची टंचाई जीवघेणी. अशा ठिकाणी ‘अंगावर पाजा’ असा उपदेश निर्दय ठरतो. दुसऱ्या स्त्रीने पाजणे हा जुना मार्ग काही समाजांत आजही मान्य आहे. दात्या मातांचे दूध साठवणारी पेढी हाही पर्याय आहे. आशियातील अशी पहिली पेढी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात सुरू केली. पण पेढीला अखंड शीतसाखळी लागते, आणि वीज गेलेल्या गावात तिचा उपयोग मर्यादित. पावडरीवरचे अवलंबित्व श्रीमंत देशांनाही किती महाग पडते हे २०२२ मध्ये अमेरिकेने पाहिले. एक मोठा कारखाना बंद पडताच दुकानांच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि सरकारला परदेशातून विमानाने दूध आणावे लागले.

भारताची बाजू तुलनेने भक्कम आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९–२१) सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बाळे फक्त आईच्या दुधावर होती. मात्र पहिल्या तासात अंगावर घेतल्याचे प्रमाण ४१.८ टक्केच होते. १९९२ चा शिशू दुग्धपर्याय, दूधबाटल्या व शिशुआहार नियमन कायदा, २००३ मधील दुरुस्तीसह, जगातील कडक कायद्यांत गणला जातो. त्याच्या कलम ५ नुसार अनाथालयाचा अपवाद सोडता कोणालाही पावडरीचे दूध किंवा दूधबाटली दान करता येत नाही. दर पावसाळ्यात पूरग्रस्तांसाठी ट्रक भरणाऱ्या मंडळांना आणि संस्थांना हे बहुधा ठाऊक नसते. त्यांनी त्या ट्रकमधून डबे आणि बाटल्या काढाव्यात. त्या जागी शेंगदाणे, गूळ, डाळ, पाजणाऱ्या बाईसाठी दुपट्टे आणि निवाऱ्याच्या कोपऱ्यात दोरीवर बांधता येतील अशा जाड चादरी ठेवाव्यात. आणि ज्या बाळाला आई नाही त्याची नोंद पहिल्याच दिवशी सरकारी आरोग्य पथकाकडे द्यावी.